स्थळपाहणी : होंडाची गोष्ट, जयपूरहून

मागच्या हिवाळ्यात जयपूरला जाणे झाले. तेथील हरिश्चंद्र माथुर राज्य लोक प्रशासन संस्थेत नव्या अधिकाऱ्यांसमोर दोन व्याख्याने द्यायची होती. माझी भाची लग्नानंतर जयपुरातच स्थायिक झाली असल्याने मुक्काम तिच्याकडे होता. ती मला घ्यायला स्टेशनवर आली ती स्वतःची नवी गाडी घेऊन. होंडाची एलिव्हेट.

"मावशी, ही गाडी इथलीच बरं का, राजस्थानची," सामान ठेवता ठेवता ती म्हणाली.

"अगं, होंडा म्हणजे जपानी ना?"

"कंपनी जपानी, पण गाडीचा जन्म टपूकड्याचा. आणि हीच गाडी आता जपानमध्ये विकायला जाते."

मी घरी येऊन खात्री करून घेतली, तर ते खरेच होते. दिल्लीच्या बाजूला, त्या वेळच्या अलवर जिल्ह्यातल्या टपूकडा येथे होंडाचा कारखाना आहे. तेथे तयार होणारी एलिव्हेट २०२४ च्या मार्चपासून जपानमध्ये डब्ल्यूआर-व्ही या नावाने विकली जाऊ लागली. ज्या देशाच्या शासनाने एके काळी या कंपनीला मोटार बनवू न देण्याचा घाट घातला होता, त्या देशातले लोक आज राजस्थानात बनलेली तिची मोटार चालवत आहेत. या प्रवासात प्रशासनातल्या माणसाने शिकण्यासारखे बरेच आहे असे मला वाटले. व्याख्यानाचे टिपण मी बाजूला ठेवले आणि दुसऱ्या दिवशी हीच गोष्ट सांगितली. ती आता येथे लिहीत आहे.

आमच्या पिढीला होंडा हे नाव प्रथम स्कूटरमुळे कळले. १९८४ साली पुण्याच्या कायनेटिक उद्योगसमूहाने होंडाशी भागीदारी करून कायनेटिक होंडा ही कंपनी काढली. तोवर स्कूटर म्हणजे किक मारायची, गिअर बदलायचे, आणि सकाळी सुरू झाली नाही तर ती एका बाजूला कलती करून पुन्हा किक मारायची. कायनेटिक होंडाला बटण होते आणि गिअर नव्हते. मी १९८८ साली ती घेतली, तेव्हा साडी नेसून, पर्स आणि फाइली पायाशी ठेवून, कुणाचीही मदत न घेता कचेरीत जाता येते याचे मला फार अप्रूप वाटले होते. पुण्यातल्या कितीतरी शिक्षिका, नर्सेस, बँकेतल्या स्त्रिया त्या स्कूटरमुळे प्रथमच स्वतंत्रपणे फिरू लागल्या. स्त्रियांच्या सक्षमीकरणाच्या आमच्या योजनांच्या यादीत ते बटण कधीच नव्हते, पण त्याने केलेले काम मी डोळ्यांनी पाहिले आहे. ही भागीदारी १९९८ मध्ये संपली.

आता मूळ गोष्ट. सोइचिरो होंडा यांचा जन्म १९०६ सालचा, जपानमधील हामामात्सुजवळच्या एका खेड्यातला. वडील लोहार. मुलगा शाळेत फारसा रमला नाही आणि टोकियोतील एका मोटार दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये उमेदवारी करू लागला. पुढे त्याने पिस्टन रिंग बनवण्याचा उद्योग काढला. टोयोटाकडे तपासणीसाठी पाठवलेल्या ५० रिंगांपैकी फक्त ३ उत्तीर्ण झाल्या. दोष धातुशास्त्राच्या अज्ञानात आहे हे ध्यानात आल्यावर हा संसारी कारखानदार पोरांच्या शेजारी बसून तंत्रशाळेत शिकू लागला. परीक्षा मात्र त्याने दिल्या नाहीत, म्हणून शाळेने काढून टाकले. त्याला प्रमाणपत्र नको होते, रिंग का तुटते हे हवे होते.

युद्ध संपले तेव्हा जपानमध्ये वाहतुकीचे हाल होते. सैन्याच्या बिनतारी यंत्रांसाठी वापरलेली छोटी इंजिने पडून होती. १९४६ मध्ये होंडांनी ती सायकलींना बसवली. त्यांच्या पत्नी साची अशी सायकल चालवून पाहणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी होत्या. १९४८ मध्ये होंडा मोटर कंपनी स्थापन झाली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा येऊन मिळाले. होंडांनी कारखाना पाहायचा आणि फुजिसावांनी पैसा व विक्री पाहायची अशी ही जोडी जवळजवळ २५ वर्षे टिकली. १९५८ ची सुपर कब ही छोटी मोटारसायकल जगभर गेली. मोटार मात्र अजून बनायची होती.

आणि येथे प्रशासनाचा प्रवेश होतो. १९६१ च्या सुमारास जपानच्या व्यापार व उद्योग मंत्रालयाने मोटार उद्योगाची फेररचना करण्याचे ठरवले. आयातीवरील बंधने लवकरच सैल होणार होती. अमेरिकेच्या बलाढ्य कंपन्यांपुढे जपानच्या लहान लहान कंपन्या टिकणार नाहीत, म्हणून अस्तित्वातील उत्पादकांचे दोन-तीन गट करावेत आणि नवीन कोणाला या क्षेत्रात येऊ देऊ नये, असा विचार होता. त्यासाठी कायद्याचा मसुदाही तयार झाला. हे अधिकारी अडाणी नव्हते किंवा भ्रष्टही नव्हते. अत्यंत हुशार, देशहिताची कळकळ असलेली ही माणसे होती. त्यांच्या जागी मी असते तर बहुधा मीही तीच टिपणी लिहिली असती, हे कबूल केले पाहिजे.

होंडांनी मंत्रालयात जाऊन वाद घातला. आम्ही काय बनवायचे हे सरकारला सांगायचे असेल तर सरकारने आमचे भागधारक व्हावे, अशा आशयाचे ते बोलल्याचे सांगतात. पण निव्वळ वादावर ते थांबले नाहीत. कायदा होण्यापूर्वी आपण मोटार उत्पादक झालेले असलो पाहिजे, हे ओळखून त्यांनी कामाचा वेग वाढवला. १९६३ च्या ऑगस्टमध्ये टी-३६० हा छोटा मालवाहू ट्रक आणि ऑक्टोबरमध्ये एस-५०० ही छोटी स्पोर्ट्स मोटार बाजारात आली. ते विधेयक मंजूर झालेच नाही. १९६४ पर्यंत ते बारगळले.

याच काळातली लाल रंगाची हकिगत मला फार आवडते. होंडांना आपली स्पोर्ट्स मोटार लाल रंगात हवी होती. जपानमध्ये तेव्हा खासगी मोटारीला लाल रंग देण्यास मनाई होती, कारण ती अग्निशामक गाडी वाटेल अशी भीती. दोन माणसांच्या बसक्या मोटारीला आगीचा बंब समजणारा माणूस कोठे भेटेल? पण नियम तो नियम. होंडांनी वृत्तपत्रातून जाहीर टीका केली. त्यांचे अधिकारी परिवहन मंत्रालयात पुन्हा पुन्हा खेटे घालत राहिले आणि शेवटी परवानगी मिळाली. आपल्या प्रत्येक खात्यात असा एखादा लाल रंग असतोच. तो कोणी व का घातला हे कुणाला आठवत नसते, आणि तो काढण्याची जबाबदारी कुणाचीच नसते.

होंडाच्या कार्यपद्धतीत तीन शब्द पायाभूत मानले जातात. गेंबा म्हणजे प्रत्यक्ष जागा, गेंबुत्सु म्हणजे प्रत्यक्ष वस्तू आणि गेंजित्सु म्हणजे प्रत्यक्ष परिस्थिती. निर्णय घेण्यापूर्वी जागेवर जा, वस्तू हातात घ्या, आणि जे आहे ते जसे आहे तसे पाहा. हे वाचताना मला हसू आले. आपल्या महसूल खात्यात यालाच स्थळपाहणी म्हणतात. फरक इतकाच, की आपल्याकडे पुष्कळदा स्थळपाहणीचा अहवाल कचेरीत बसूनच लिहिला जातो.

पण तत्त्व सांगणाराही कधी तत्त्वापासून ढळतो. १९६९ साली होंडाने एच-१३०० ही मोटार काढली. इंजिन हवेनेच थंड केले पाहिजे, पाणी नको, हा खुद्द होंडांचा हट्ट. तरुण अभियंत्यांचा अनुभव वेगळे सांगत होता. मोटार जड आणि गुंतागुंतीची झाली व फारशी चालली नाही. शेवटी फुजिसावांनी मित्राला विचारले, तुम्हाला कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचे आहे की अभियंता म्हणून? होंडांनी काय ते ओळखले आणि पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांचा मार्ग मोकळा केला. वरिष्ठाला असा प्रश्न विचारू शकणारा सहकारी ज्याला लाभला तो भाग्यवान.

याच सुमारास मोटारमालकांनीही कंपनीला धडा दिला. १९६७ ची एन-३६० ही छोटी मोटार भरपूर खपली होती. वेगात ती अस्थिर होते अशा तक्रारी येऊ लागल्या आणि १९७० मध्ये मोटारमालकांच्या एका संघटनेने होंडांविरुद्ध थेट मनुष्यहत्येची फिर्याद दिली. खटला उभा राहिला नाही, पण कंपनीची प्रतिष्ठा आणि मोटारीचा खप दोन्ही घसरले. सदोष वाहने जाहीरपणे परत बोलावून दुरुस्त करण्याची व्यवस्था जपानमध्ये १९६९ पासूनच सुरू झाली होती. मालकाची तक्रार ही कटकट नसून माहिती आहे, हे त्या समाजाने बरीच किंमत मोजून ओळखले.

१९७० मध्ये अमेरिकेने मोटारींच्या धुरासंबंधी कडक कायदा केला. १९७५ पासूनच्या मर्यादा गाठणे अशक्य आहे, असे मोठ्या कंपन्या सांगत होत्या. होंडाने १९७२ मध्ये सीव्हीसीसी हे इंजिन जाहीर केले आणि त्या मर्यादा पाळून दाखवल्या. याच इंजिनाने सिव्हिक मोटारीला नाव मिळवून दिले. होंडा म्हणत, आता आपण अमेरिकेच्या तीन बड्या कंपन्यांना मागे टाकू. त्यांच्याच तरुण अभियंत्यांना ते रुचले नाही. आम्ही हे स्वच्छ हवेसाठी, समाजासाठी करत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. ते ऐकून आपला काळ संपत आल्याचे होंडांना जाणवले, आणि १९७३ मध्ये होंडा व फुजिसावा दोघेही एकदमच निवृत्त झाले. त्यानंतर होंडा देशभरातील आपले कारखाने व विक्रेत्यांची दुकाने हिंडले आणि कामगारांशी हस्तांदोलन करून त्यांचे आभार मानले. एखाद्याने हात तेलकट आहे म्हणून मागे घेतला, तर तोच हात ते आग्रहाने हाती घेत. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

येथेही एक प्रशासकीय बोध आहे. मोटारींचे गट पाडणारे शासन फसले. धुराची मर्यादा ठरवून देणारे शासन मात्र यशस्वी झाले. कोणी बनवावे हे शासनाला कळत नाही, परंतु लोकांच्या फुप्फुसात काय जाऊ नये हे त्याने ठरवलेच पाहिजे.

आता भारताकडे येऊ. मोटारींसाठी होंडाने १९९५ च्या डिसेंबरात येथे कंपनी स्थापन केली आणि १९९८ च्या जानेवारीत ग्रेटर नोएडाच्या कारखान्यातून होंडा सिटी बाजारात आली. मध्यमवर्गातल्या वरच्या थराला प्रथमच एक शांत, वेगवान, कटकट न करणारी मोटार मिळाली. जयपुरात भाचीच्या शेजारी एक वृद्ध डॉक्टर राहतात. त्यांची जुनी सिटी अजून दारात उभी आहे आणि रोज सकाळी दवाखान्यात जाते. मुलांनी नवी घेण्याचा आग्रह केला की ते म्हणतात, हिने मला रात्रीअपरात्री रुग्णाच्या दारी वेळेवर पोहोचवले आहे, आता मीच हिला कसे सोडू?

तक्रारीही होत्या आणि त्या जगजाहीर आहेत. २००६ मध्ये आलेली सिव्हिक दिसायला सुरेख, पण उंचीला बसकी. पाच माणसे बसली की गतिरोधकाला तिचे पोट घासते, हे तेव्हा मोटारींच्या गप्पांत हमखास निघे. आपल्याकडचे गतिरोधक कोणत्या मोजमापाने बांधतात हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, आणि त्यात दोष मोटारीपेक्षा आम्हा बांधणाऱ्यांचा अधिक. २०२३ च्या एलिव्हेटचे पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर आहे. भारतीय मालकाचा अनुभव शेवटी जपानी नकाशावर उमटला, असे मी समजते.

दुसरा धडा डिझेलचा. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचे दर नियंत्रणमुक्त झाले. डिझेलचे नियंत्रण २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत चालू राहिले. दोहोंतली तफावत वाढली तसे गिऱ्हाईक डिझेल मोटारींकडे वळले. होंडाकडे भारतासाठी डिझेल इंजिनच नव्हते. ते आले २०१३ साली, अमेझ या मोटारीत. दिल्लीत काढलेल्या एका दरपत्रकाने कारखान्यांची गणिते बदलली. पुढे तफावत घटली, धुराचे नियम कडक झाले आणि २०२३ मध्ये होंडाने येथे डिझेल मोटारी बंदही केल्या.

याच चढउतारात टपूकड्याचा कारखाना सापडला. जयपूरच्या टिळक मार्गावर, म्हणजे आपल्या लोकमान्यांच्या नावाच्या रस्त्यावर, उद्योग भवन आहे. राजस्थानच्या औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे रीकोचे, मुख्यालय तेथे आहे. जपानी उद्योगांना बोलावण्यासाठी रीकोने २००६ मध्ये जपानच्या जेट्रो या व्यापार संस्थेशी करार केला आणि महामार्गावरील नीमराणा येथे त्यांच्यासाठी वेगळे औद्योगिक क्षेत्र उभारले. टपूकडा हे त्याहून वेगळे ठिकाण. तेथे होंडाच्या मोटार कारखान्याला सुमारे ४५० एकर जागा मिळाली. २००८ मध्ये पत्रे दाबून आकार देणारा विभाग आणि इंजिनाचे भाग बनवणारा विभाग सुरू झाले. नेमकी तेव्हाच जगभर मंदी आली. संपूर्ण मोटार तेथे तयार होऊ लागली ती २०१४ च्या फेब्रुवारीत. २०२० च्या डिसेंबरात ग्रेटर नोएडातील उत्पादन थांबले आणि होंडाच्या भारतातील सर्व मोटारी टपूकड्यातच बनू लागल्या.

२००८ ते २०१४ या मधल्या वर्षांकडे मी पुन्हा पुन्हा परतते. एवढी जमीन, आणि मोटार एकही नाही. फाइलवर असे दिसले की आपल्या हाताला खाज सुटते. आणि याचे कारण माझ्या स्वतःच्या नोकरीत आहे.

पस्तीस वर्षांपूर्वी एका जिल्ह्यात काम करत असताना औद्योगिक वसाहतीतील रिकाम्या भूखंडांची यादी माझ्यापुढे आली. एका लघुउद्योजकाने दोन वर्षे उलटूनही उत्पादन सुरू केले नव्हते. नियम स्पष्ट होता. "भूखंड परत घेण्यास हरकत नाही" असा शेरा मारून मी सही केली. पुढे त्याचा अर्ज आला, तो मी नियमानुसार खाली पाठवला. काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी त्या वसाहतीत गेले, तेव्हा पाहिले की त्याच्या भूखंडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओढा होता आणि त्यावरची मोरी आम्हीच बांधलेली नव्हती. यंत्र घेऊन येणारा ट्रक पलीकडे जाऊच शकत नव्हता. मी आदेश फिरवून घेतला, त्याला अकरा महिने लागले. भूखंड परत मिळाला तोवर त्या गृहस्थाने कर्जाच्या हप्त्यांसाठी यंत्र विकून टाकले होते. ते मला भेटायला आले, चहा घेतला, एक शब्दही कडवट बोलले नाहीत, आणि म्हणाले, "बाईसाहेब, एकदा येऊन बघितलं असतंत तर बरं झालं असतं." ते वाक्य आजही माझ्या कानात आहे. माझी कचेरी तेथून जीपने अवघ्या चाळीस मिनिटांवर होती.

मोठ्या कंपनीसाठी वाट पाहायला आपण तयार होतो, कारण तिच्यामागे नाव आणि भांडवल असते. लहान माणसाला मात्र आपण नियमाच्या दिवसांत मोजतो. टपूकड्याला सहा वर्षे मिळाली म्हणून माझी तक्रार नाही. माझ्या त्या उद्योजकाला चाळीस मिनिटे मिळाली नाहीत, हे माझे दुःख आहे.

मालकाच्या अनुभवाला आता आपल्या कायद्यातही जागा मिळाली आहे. सदोष एअरबॅगमुळे जगभर जी मोठी मोहीम झाली, त्यात होंडानेही भारतातील लाखो मोटारी परत बोलावून एअरबॅगचे भाग बदलले. २०१२ पासून आपल्याकडे हे सारे उत्पादकांच्या स्वेच्छेने चाले. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने केंद्र सरकारला सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार मिळाला, आणि ठरावीक टक्के मालकांनी दोष कळवणे हा त्याचा एक आधार मानला गेला. एकेकट्या मालकाचा वैताग एकत्र नोंदवला की तो पुरावा होतो. शासनात असे फार थोड्या विषयांत घडते. शिधापत्रिकेसाठी किंवा सातबाराच्या उताऱ्यासाठी खेटे घालणाऱ्यांचे अनुभव कोणी असे मोजले, तर किती कार्यपद्धती परत बोलवाव्या लागतील!

व्याख्यान संपल्यावर एका तरुण अधिकाऱ्याने विचारले, "मॅडम, रोज दोनशे फाइली असतात. प्रत्येक जागी जाणार कसे?" प्रश्न रास्त होता. मी म्हटले, प्रत्येक जागी जाता येणार नाही. पण ज्या सहीने कोणाचे तरी काही हिरावले जाणार आहे, त्या सहीपूर्वी जा. मंजुरी एक वेळ कागदावरून द्या, नकार मात्र जागा पाहिल्याशिवाय देऊ नका.

निघण्याच्या दिवशी भाचीने जंतरमंतर दाखवले. सवाई जयसिंहाला हाताशी असलेली ग्रहगणिताची कोष्टके प्रत्यक्ष आकाशाशी जुळत नाहीत असे दिसले, म्हणून त्याने दगडाची ही अवाढव्य यंत्रे उभारली. तेथल्या मोठ्या सम्राट यंत्रावर सावली हळूहळू सरकत होती. तीनशे वर्षांपूर्वीच्या एका राज्यकर्त्याला कोष्टकापेक्षा आकाश खरे वाटले, आणि मला ओढ्याच्या काठी उभे राहीपर्यंत फाइलच खरी वाटत होती.

परतीच्या वाटेवर गाडी एका उंच गतिरोधकावरून गेली. पोट घासले नाही. भाची सहज म्हणाली, "बघितलंस मावशी?" मी म्हटले, "हो गं, बघितलं."